सुतळीने बांधलेले टायर

कार पार्कमधून लिफ्टकडे जाताना ते कुठल्याही गाडीपाशी उकिडवे बसत, टायरच्या कडेवरची धूळ अंगठ्याने पुसत आणि तिथले शेवटचे चार आकडे वाचत. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर कधी बनला ते त्यावरून कळतं. मग गुडघ्यावर हात टेकून उठत आणि म्हणत, "रबराचं वय बघायचं. नक्षीवर जायचं नाही."

गाडी कुणाची का असेना. एकदा एका बाईंना वाटलं, हा माणूस आपल्या चाकातली हवा सोडतोय. त्यांची समजूत घालता घालता माझी बस चुकली.

तुमच्याही ओळखीत असा एखादा गृहस्थ असेल, की ज्याला सगळं कळतं आणि म्हणूनच ज्याचं काही मार्गी लागत नाही. माझ्या वाट्याला हे आले. आंग मो किओ नावाच्या वस्तीत आमच्याच ब्लॉकमध्ये ते नवव्या मजल्यावर, मी आठव्या. मूळचे पुण्याचे, चांगी बिझनेस पार्कातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासणाऱ्यांचे प्रमुख. दुसऱ्याच्या कामातली चूक शोधणं हीच त्यांची नोकरी. मी त्यांना दादा म्हणायचो.

दादांकडे एक ट्रेलर होता. गाडीमागे जोडून न्यायचं छोटं घरच ते. पलंग, ओटा, गॅस, खिडकीला पडदे. मायदेशी परतणाऱ्या एका ऑस्ट्रेलियन सहकाऱ्याकडून घेतलेला, आणि पुलापलीकडे मलेशियात, जोहोरमध्ये एका चिनी अंकलच्या यार्डात उभा. हौस खरी वहिनींची. लग्नापासून त्या भाड्याच्या घरात राहिल्या. भिंतीत खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारा. "स्वतःच्या ओट्यावर चहा करायचा, आणि दार उघडलं की समोर समुद्र," एवढंच त्यांचं मागणं होतं. मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावर चार दिवस. ओढायला अंकलचा पिकअप, चालवायला मी.

अडलं ते टायरांवर. ट्रेलरचे टायर दिसायला झकास होते, पण आकडे वाचल्यावर ते नऊ वर्षांचे निघाले. ट्रेलर उभाच असतो, त्यामुळे त्याचे टायर झिजत नाहीत, नुसते म्हातारे होतात आणि मग भर रस्त्यात फुटतात. हे दादांचं म्हणणं बरोबर होतं. त्यांचं म्हणणं नेहमीच बरोबर असायचं, तिथेच तर सगळी पंचाईत होती.

नवे टायर निवडायला त्यांना आठ महिने लागले. दर शनिवारी मला बरोबर घेऊन टायरवाल्यांच्या दुकानांची वारी. दुकानदार त्याच मापाचा कारचा टायर पुढे ढकलून "सेम साइज लाह" म्हणे. मग दादा त्याला अर्धा तास समजावत, की माप तेच असलं तरी ट्रेलरच्या टायरची कड जाड असते, तो ओझं जास्त पेलतो, कारचा लावला तर ट्रेलर मागे डुलायला लागतो. ओझं किती हेही ठरवायला हवं. मग विमानाच्या बॅगा तोलायच्या काट्याला वहिनींचा कुकर लटकला, पोळपाट लटकला, मसाल्याचा डबासुद्धा लटकला. चालत्या ट्रेलरमध्ये माणसं बसत नाहीत हे स्वतःच मला सांगून झाल्यावर त्यांनी वहिनींना त्यांचं वजन विचारलं. त्यानंतर तीन दिवस त्या घरात काय शिजलं हे मला विचारू नका.

अखेर तीन टायर आले, दोन चाकांचे आणि एक स्टेपनी. आकडे अगदी ताजे. रविवारी चढवून टाकू, असं मी म्हटलं.

"घाई नको," दादा म्हणाले. "यार्डाच्या उन्हात नवे टायर कशाला वाया घालवायचे? निघायच्या आदल्या दिवशी चढवू."

इथल्या फ्लॅटमध्ये जाड भिंतींची, बिनखिडकीची एक खोली असते, बाँब पडला तर लपायला. तिला शेल्टर म्हणतात आणि सगळे तिथे अडगळ ठेवतात. टायर काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून, सुतळीने बांधून त्या शेल्टरमध्ये गेले. मला तेव्हा यात काही वावगं वाटलं नाही. आपल्या घरांत नवी चादर पाहुण्यांसाठी असते आणि जुना टॉवेल आरपार दिसेपर्यंत वापरतात. वहिनीही त्याच वळणाच्या, त्याही काही बोलल्या नाहीत.

मग दादांच्या ऑफिसात मोठं काम निघालं. ते संपलं तर किनाऱ्यावर पावसाळा. तो सरला तर कोविड, आणि पूलच बंद. पूल उघडला तेव्हा पुन्हा काम. मी तीनदा रजा टाकली आणि तीनदा मागे घेतली. एकदा लिफ्टमध्ये मी चिडून म्हणालो, की टायर म्हातारे व्हायच्या आत निघू या. ते हसले. "अरे, बांधून ठेवलेत," म्हणाले.

आणि एक दिवस कंपनीने दादांचा विभागच बंद केला. इथे राहून नोकरी करायचा पास गेला, नवा मिळेना. घरी परतायला महिना उरला आणि बांधाबांधीत त्यातले वीस दिवस गेले. वहिनींनी मग सामान तिथेच टाकलं. आधी समुद्र, म्हणाल्या. शनिवारी सकाळी आम्ही तिघं आणि तीन टायर भाड्याच्या व्हॅनमधून पूल ओलांडून गेलो. वहिनींच्या मांडीवर पोळ्यांचा डबा होता.

अंकलने जुने टायर उतरवले. दादांनी सुतळी कापली नाही, गाठ सोडवली आणि घडी करून खिशात ठेवली. प्लास्टिक काढलं, सवयीने कडेवर अंगठा फिरवला आणि तो तिथेच थांबला. मी वाकून पाहिलं. टायर सात वर्षांचे झाले होते. कडेला केसासारख्या बारीक भेगा.

"स्टिल कॅन लाह," अंकल म्हणाला. "गो स्लो."

मीही तेच म्हणालो. तीन तासांचा रस्ता आहे, रांगत नेतो. दादा नाही म्हणाले. योग्य टायर मागवायला तीन आठवडे, आणि विमान दहा दिवसांवर. मग मात्र माझा तोल सुटला. सात वर्षं लोकांच्या चाकांपाशी बसलात, घरातले आकडे वाचले नाहीत, असं मी अंकलसमोर, वहिनींसमोर बोललो.

"दुसऱ्याच्या गाडीला लावू दिले नसते," एवढंच दादा म्हणाले.

नुसता पिकअप घेऊन जाऊ, हॉटेलात राहू, असं मी सुचवलं. वहिनींनी मान हलवली. "ते पुन्हा भाड्याचंच झालं."

अंकलने जुनेच टायर परत चढवले. वहिनी आत गेल्या, गॅस पेटवला, आपल्या ओट्यावर चहा टाकला. दार उघडं होतं. समोर पत्र्याचं कुंपण आणि फाटक्या टायरांचा ढीग. दादा पायरीपाशी उभे राहून काहीतरी सांगू लागले.

"सात वर्षं मी काही बोलले नाही," वहिनी म्हणाल्या. "आता तुम्ही बोलू नका. चहा घ्या."

आम्ही तिघांनी चहा घेतला. चांगला झाला होता, हे सांगायची माझी हिंमत झाली नाही.

ट्रेलर अंकलकडेच राहिला. ते तीन टायर माझ्या शेल्टरमध्ये आहेत. टाकवत नाहीत, आणि कुणाला द्यावेत तर आकडे सांगावे लागतात.

दादा-वहिनी गेले त्या सकाळी सामानाचा ट्रक खाली उभा होता. वहिनी टॅक्सीत बसल्या होत्या. ट्रकपाशी येताच दादा उकिडवे बसले, अंगठ्याने धूळ पुसली, आणि थोडा वेळ तसेच बसून राहिले.

"काय म्हणतायत आकडे?" वहिनींनी काचेतून विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी हे कधीच विचारलं नव्हतं.

"वाचले नाहीत," दादा म्हणाले, आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. वहिनींनी सरकून त्यांना जागा करून दिली.