धुक्यात आडनाव घेऊ नये

हेप्सीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एका खेकड्याशी भांडत होती. खेकडा उकडलेला होता, म्हणजे मेलेलाच, तरी ती त्याला म्हणत होती, "दे की रे मेल्या! एवढंसं मांस काय छातीशी धरून बसलायस?" कड्याच्या काठावर पत्र्याची शेड, शेडमध्ये लाकडी ओटा आणि ओट्यामागे एकावर एक दोन लोकरी टोप्या घातलेली ही बाई. मला बघून म्हणाली, "बॅसिलची नवी बायको ना तू? ये. नुसती उभी राहू नकोस, हात चालव." मी हल शहरातल्या इस्पितळातली नर्स, लग्न होऊन नुकतीच इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या या सँडमिअर गावात आलेली. त्या दिवशी मी खेकडे सोलायला शिकले. त्याला आता तीस वर्षं होऊन गेली.

तिचं पूर्ण नाव हेप्झिबा स्कार्नबी. पण तिला आडनावानं कुणी हाक मारत नसे. डॉक्टर, पाद्री, पोस्टमन, सगळे "मिस हेप्सी" म्हणत. मला वाटलं, असेल गावाची लाडकी. मग एकदा बॅसिलनं सांगितलं, "कड्यावर तिचं आडनाव घेऊ नये. फ्रेट असेल तेव्हा तर मुळीच नाही." फ्रेट म्हणजे समुद्रावरून चालून येणारं इथलं धुकं. भर उन्हाळ्यात, लख्ख दुपारी येतं आणि समोरचं कुंपणसुद्धा पुसून टाकतं.

"का पण?" मी विचारलं.

"घेऊ नये म्हणजे घेऊ नये. तुमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, तसं."

मी त्याला लग्नाआधीपासून बॅसिल म्हणून हाका मारत होते, पण तो मुद्दा वेगळा.

हेप्सीचं घर गावातलं शेवटचं, त्याच्यापुढं फक्त गवत आणि आभाळ. तिचं हे तिसरं घर. जन्मली ते समुद्रात गेलं, तरुणपणी राहिली तेही गेलं. इकडची माती काळी, मऊ, ओल्या पावासारखी. दर हिवाळ्यात कडा थोडा मागं सरतो. बाकीचे लोक घर गेलं की हलला नाहीतर यॉर्कला निघून जातात. हेप्सी एक शेत मागं यायची आणि पुन्हा शेवटच्याच घरात राहायची. तिचा बाप, आजा, पणजा, सगळे असेच एकेक शेत मागं येत गेले.

आणि या बाईला स्वतःच्या आडनावाचं भारी वावडं. आपल्याकडे पोरानं घराण्याचं नाव काढलं की आपण पेढे वाटतो. हेप्सीनं घराण्याचं नाव खरोखरच काढून टाकलं, मुळापासून. दोन बहिणींची लग्नं तिनं घाईघाईनं लावली. भाऊ जेथ्रो, त्याला मुलगी झाली, तेव्हा बाळाला आईचं आडनाव लाव म्हणून ती त्याच्या दारात बसून राहिली. तो चिडला, ओरडला, शेवटी टॅमसिन पिकरिंग असं नाव लागलं. हेप्सीनं स्वतः लग्न केलं नाही. "आमच्या नावाला फळ धरू द्यायचं नाही," म्हणायची. गाव म्हणे, म्हातारीचा एक स्क्रू ढिला आहे. मीही म्हणे. खोटं कशाला बोलू?

बॅसिल वारला, आमचं मासे-चिप्सचं दुकान माझ्या एकटीवर आलं आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मिस्टर डेन्विल आले. डर्बीचे निवृत्त मास्तर, दुर्मीळ आडनावं शोधत फिरायचा नाद. माझ्या काउंटरवर त्यांनी सगळ्या इंग्लंडचा नकाशा पसरला. म्हटलं, "व्हिनेगर सांडेल हो त्याच्यावर." ऐकतात कुठले! जिथं जिथं कुणी स्कार्नबी राहून गेला तिथं त्यांनी लाल ठिपका दिला होता. सगळे ठिपके आमच्याच किनाऱ्यावर, एका ओळीत, अगदी पाण्याच्या कडेला. आतला सगळा देश कोरा.

"दुसरी आडनावं पसरतात," ते म्हणाले. "हे सहाशे वर्षं काठाला चिकटून आहे. असं मी कुठंच पाहिलं नाही. स्कार्नबी नावाचं गाव होतं, इथून पुढं, समुद्रात. एका वादळात सगळंच्या सगळं गेलं."

"म्हणजे हे लोक तिथं राहणारे."

"नाही, उलटं! गावात राहणाऱ्याला गावाचं नाव कोण लावील? तिथं तर सगळेच तिथले. गाव सोडून दुसरीकडे गेलात की लोक म्हणतात, हा स्कार्नबीचा."

"हे तुम्ही मला सांगता?" मी म्हटलं. "मी माहेरची शेलगावकर. शेलगावात आम्हाला कुणी शेलगावकर म्हणत नव्हतं. तिथं आम्ही विहिरीजवळचे."

मास्तर एवढे खूश झाले की त्यांनी आणखी एक मासा मागवला. मग बोट नकाशावर ठेवून म्हणाले, "म्हणून हे आडनाव म्हणजे तिथून सुटलेली माणसं. त्या दिवशी घरी नसलेली."

"आणि आत, लांब, कुणीच गेलं नाही?"

"गेले थोडे. त्यांचा वंश नाही." ते चिप्स निवडत बसले. "एक लीड्सच्या गिरणीच्या हौदात बुडाला. एक शेताच्या चरात, पाणी म्हणे घोट्याएवढं होतं. एक बाई न्हाणीच्या टबात. योगायोग, दुसरं काय!" पण खाणं त्यांनी तिथंच थांबवलं.

त्यांना हेप्सीला भेटायचं होतं. मी निघतानाच बजावलं, मिस हेप्सी म्हणा. पण हे पडले जुन्या वळणाचे इंग्रज. ओळख करून दिलेली नसताना परक्या बाईला पहिल्या नावानं हाक मारायची म्हणजे त्यांना चड्डीवर चर्चला जाण्यासारखं वाटलं असणार. आम्ही गवतातून चाललो होतो आणि फ्रेट आलं. शेड दिसेनाशी झाली. मी त्यांची बाही पकडायच्या आत ते टोपी काढून थांबले आणि मोठ्यानं, अदबीनं हाक मारती झाले, "मिस स्कार्नबी! मिस स्कार्नबी, आहात का?"

दोन पावलांवरच शेडचं दार निघालं; दारात हेप्सी उभी होती. तिनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं होतं. खेकड्याचं पिवळं गालांना लागलेलं.

मग खालून, कड्याच्या खालून, आवाज आला. "स्कार्नबी?"

त्यात मिस नव्हतं. शाळेत हजेरी घेताना मास्तर जसं नाव वाचून थांबतात, तसं. आमचा कडा मातीचा, त्याला प्रतिध्वनी येत नाही. आणि खाली वाळू नव्हती, भरतीचं पाणी होतं. मी इस्पितळात काम केलेली बाई, मरणं पाहिलेली. माझी पाचावर धारण बसली.

मास्तरांना घरात नेऊन हेप्सीनं चहा दिला. तिला राग आला नव्हता. म्हणाली, "तुमचा दोष नाही हो. तुम्हाला चांगलं वळण लागलंय, तेच नडलं. माझा बाप गेल्यापासून त्यांना माहीत नव्हतं कुणी उरलंय का. आता विचारत राहतील."

"कोण?" मास्तरांनी विचारलं.

"घरचेच. दुसरं कोण?"

त्याच शरदात टॅमसिन हेप्सीकडे राहायला आली. जेथ्रो वारला होता, आणि पोरीला दिवस गेलेले. बाळाचा बाप समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला गेला तो तिकडचाच झाला. पोर गुणाची, पण मनानं फार हळवी; कापलेल्या झाडापाशीसुद्धा डोळे पुसायची. मास्तरांकडून तिनं ऐकलं होतं की हेप्सीमागं हे आडनाव इंग्लंडमधून नाहीसं होणार. एका रविवारी आम्ही तिघी जेवायला बसलो होतो आणि ती म्हणाली, "आत्या, मी माझ्या बाळाला स्कार्नबी नाव लावणार."

हेप्सीनं सुरी खाली ठेवली. "लावून तर बघ!"

"अगं, पण तुझंच नाव आहे ना? एवढं जुनं. संपू कसं द्यायचं?"

"जुनं झालं म्हणून काय खरूजसुद्धा जपायची? टॅमसिन, आम्ही सुटलेले लोक आहोत. गाव गेलं त्या दिवशी कुणी बाजाराला गेलं होतं, कुणी सासरी. खाली ते सगळे आहेत आणि हजेरीत माणसं कमी भरतायत. समुद्र उगाच इकडं सरकतोय होय? तुझ्या बापाला मी दारात बसून छळलं ते काय हौस म्हणून? ह्या नावाला ज्यानं ओ दिली तो गेला. माझ्या बापानं दिली. मी होते तिथं. माझ्याबरोबर संपू दे गं ते. मला मेल्यावर तरी निवांत झोपू दे."

तिचा आवाज असा चिरकलेला मी कधी ऐकला नव्हता. टॅमसिन रडायला लागली. "नाही लावणार. शपथ. बाळाचं आडनाव पिकरिंगच राहील. झालं?"

"ही ऐकतेय हं," माझ्याकडे बोट करून हेप्सी म्हणाली आणि मटार वाढायला लागली.

फेब्रुवारीत, दुपारच्या चहाच्या सुमाराला, पुन्हा फ्रेट आलं. मी हेप्सीच्या स्वयंपाकघरात होते. टॅमसिन अंगणात दोरीवरचे कपडे काढत होती, पोट पुढं आलेलं, चिमटे तोंडात. भिंतीपलीकडून, अगदी जवळून, एका बाईचा गोड आवाज आला. इस्पितळात पेशंटला आत बोलावतात तसा.

"स्कार्नबी?"

दाराशी कुणी आत्याला विचारत आलंय, असं वाटून पोरगी वळली. तोंडातले चिमटे काढले. ओठ उघडले. हेप्सी तिच्या वयाच्या बाईनं धावू नये इतकी धावली आणि तिच्या तोंडावर हात दाबला. मग एका हातानं स्वतःच्या डोक्यावरची वरची टोपी काढून तिच्या डोक्यात घातली, कानांवर खाली ओढली. आणि भिंतीकडे तोंड करून स्वच्छ बोलली, "हजर. हेप्झिबा स्कार्नबी. शेवटची. माझ्यामागं कुणी नाही."

फाटक उघडून ती गेली. मी हाका मारत मागं पळाले, "हेप्सी! अगं हेप्सी!" चार हातांवरचं दिसत नव्हतं. माती सरकल्याचा जड आवाज आला, पोतं उतरवल्यासारखा. धुकं निवळलं तेव्हा शेड नव्हती, ओटा नव्हता, गवताचा एक लचका नव्हता. ती कधी सापडली नाही.

एप्रिलमध्ये टॅमसिनला मुलगा झाला. बारशाला आम्ही सगळे चर्चमध्ये जमलो. पाद्र्यानं बाळाला हातात घेऊन विचारलं, "नाव काय ठेवायचं?"

टॅमसिनचे डोळे भरून आले होते. हेप्सीची टोपी होती तिच्या डोक्यात. ती म्हणाली, "स्कार्नबी."

इथली ही जुनी रीतच आहे. घराण्यातलं एखादं आडनाव बुडायला आलं की पोराचं पाळण्यातलं नाव म्हणून ते ठेवायचं; म्हणजे मान राहतो. पोरीनं आपला शब्द तंतोतंत पाळला होता. आडनाव पिकरिंगच. पाणी पडलं, बाळ शिंकलं, चर्चभर कौतुकाचा आवाज झाला. ती माझ्या कानाशी म्हणाली, "आत्याला किती बरं वाटलं असतं ना?" आमचे पाद्री नवीन होते, जुने असते तर ते तरी दचकले असते.

मी नंतर खूप बोलले. हात जोडले. नाव बदल म्हटलं. ती माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तशी मायेनं बघायची. "काकी, आत्या गेल्याचा धक्का बसलाय तुम्हाला." मायलेकरांना घेऊन दूर कुठं जावं म्हटलं, तर मला तो घोट्याएवढ्या पाण्याचा चर आठवायचा. हेप्सीचं घर पडायला आलं तेव्हा दोघांना मी दुकानाच्या वरच्या खोलीत आणलं. आता आमच्यापुढंही नुसतं गवत आहे.

पोरगा दोन वर्षांचा झालाय. तब्येतीनं खणखणीत, पण अजून बोलत नाही. मागच्या आठवड्यात दुपारी फ्रेट आलं, तेव्हा तो मागच्या अंगणात चमचा घेऊन माती उकरत होता. मी माशाचं पीठ कालवत होते. वरच्या खिडकीतून टॅमसिननं सवयीनं, मोकळ्या गळ्यानं हाक मारली, "स्कार्नबी! ये रे राजा, जेवायला!"

पिठाचं भांडं तिथंच टाकून मी धावले. पोरगा समुद्राकडे तोंड करून बसला होता. त्यानं मान वर केली. आयुष्यातला पहिला शब्द बोलायला त्यानं तोंड उघडलं.

त्याच्याआधी भिंतीपलीकडून उत्तर आलं.

"हजर आहे गं, हजर. ओरडतेस कशाला मेले?"

खेकड्याशी भांडणारा आवाज. पोरानं तोंड मिटलं, खुदकन हसला आणि पुन्हा माती उकरायला लागला.

"काकी, कोण आलंय?" वरून टॅमसिननं विचारलं.

"कुणी नाही," मी म्हटलं. "मी नेते त्याला वर."

मग मी भिंतीला टेकून रडले, ओक्साबोक्शी. भीतीनं नव्हे. एकदा उत्तर देऊन जी निवांत झोपणार होती, तिला आम्ही दिवसातून पन्नास हाका मारतोय. जेवायला ये, झोपायला ये, बूट घाल. आणि प्रत्येक वेळी ती पोराच्या आधी धावत येते.

मी आता त्याला हाक मारत नाही. जवळ जाते आणि हात धरते.