टॉमकाकांचं भरलं घर

टॉमकाका एकटे राहत, पण त्यांचं घर सदा माणसांनी भरलेलं असे. आयर्लंडमधल्या किलकेनीत आम्ही त्यांच्या शेजारी राहायला गेलो तेव्हा मी सहज विचारलं, "घरी कोण कोण असतं?" तर म्हणाले, "मायकल, त्याची बायको मेरी आणि पोरं. मायकल आत्ता मोठ्या शेतावर गेलाय, बटाटे काढायला." मी पातेलंभर पोहे करून घेऊन गेले, तर आत म्हातारा एकटाच! मायकल म्हणजे त्यांचे खापरपणजोबा, एकोणिसाव्या शतकातले शेतमजूर. पोहे काकांनी एकट्यानेच संपवले. "ग्रँड," म्हणाले, "मेरीला सांगतो."

त्या काळातल्या जनगणनेचे इथले बहुतेक कागद जळाले, उरलेले रद्दीत गेले. पण मायकलचा मुलगा जॉन म्हातारपणी पेन्शन मागायला गेला, तेव्हा वयाचा पुरावा म्हणून कचेरीने त्या घराची नोंद उतरवून दिली होती. ती नक्कल काकांच्या प्रेसमध्ये, म्हणजे स्वयंपाकघरातल्या कपाटात, चहाच्या डब्यामागे असे. बाप शेतमजूर, आई, मुलगा जॉन, तान्ही ब्रिजिट. खाली दुष्काळात दगावलेल्यांची वेगळी नोंद, आणि तिथेही एक ब्रिजिट, नऊ वर्षांची.

यावरून काकांचं आणि गावातच राहणाऱ्या त्यांच्या धाकट्या बहिणीचं, मॉरीनचं, रोज चहाबरोबर भांडण. "कारकुनाने एकच पोर दोनदा उतरवलंय," मॉरीन म्हणे. "आणि ब्रिजिट आहे की आपल्या घराण्याच्या थडग्यावर! तेच नाव पुन्हा कोरलंस तर गाव हसेल."

"ती धाकटी. म्हातारी होऊन गेली," काका टेबलावर बोट आपटत. "थोरली उपाशी मेली, तिचं नाव कुठेच नाही. ते दगडावर आल्याशिवाय मी त्या मातीत जाणार नाही, सांगून ठेवतो."

मी एकदा मध्येच तोंड घातलं. म्हटलं, आमच्याकडे मुलं जगत नसली की पुढच्याला दगडू नाहीतर धोंडू म्हणत, मृत्यूने ढुंकूनही पाहू नये म्हणून. गेलेल्या लेकराचं नाव पुन्हा कोण ठेवेल? काका हसले नाहीत. "आमच्याकडे तेच ठेवायचे, डॉक्टर. आईच्या तोंडची हाक बंद पडू नये म्हणून."

तब्येत विचारली की त्यांचं उत्तर एकच, ग्रँड, म्हणजे झकास. आमच्या हॉस्पिटलात आणलं तेव्हाही ग्रँडच. आधीच पाथरवटाकडे जाऊन, आपल्या नावाबरोबर थोरलीचंही कोरायला सांगून आले होते, पण मॉरीन ते होऊ देणार नाही ही धास्ती होती. मी त्यांचा हात धरून सांगितलं, काका, तुमच्यामुळे या परक्या गावात मला माहेर मिळालं. त्यांनी हात दाबला. त्याच आठवड्यात ते गेले.

पुढे एका दुपारी मॉरीन काकांचं घर आवरत होती, मी मदतीला होते. तिने तीन कप चहा ओतला, मागचं दार उघडलं आणि परसाकडे तोंड करून हाक मारली, "टॉम!"

मग तशीच दारात उभी राहिली.

तेवढ्यात फोन वाजला. पाथरवट होता. "तुमच्या भावाने दिलेलं एक नाव दगडावर आधीच आहे. चुकून दिलं असणार. गाळू का?"

मॉरीनने तिसऱ्या कपाकडे पाहिलं.

"गाळू नकोस," ती म्हणाली. "त्या दोघी बहिणी आहेत."