फडफडणारे हात

सॉल्ट लेकच्या थेरपी सेंटरमधल्या त्या बंगाली बाई बोलताना मनगटातलं शंखाचं पांढरं कडं सारखं गोल फिरवायच्या. त्यांना कुणी थांबवत नसे.

माझी लेक ऑटिस्टिक आहे. आनंद झाला की ती दोन्ही हात फडफडवते. शाळेला ते खटकायचं, म्हणून आम्ही त्यांच्याकडे जायचो.

"रागवायचं नाही हं, दीदी," त्या हिंदीत बजावायच्या. लेकीने हात आवरून मणी ओवले की बक्षीस मिळायचं, पण चॉकलेट नाही, मुडी म्हणजे कुरमुरेही नाहीत. मिळायची ती थोडा वेळ हात फडफडवायची मोकळीक. "तिला सगळ्यात जे आवडतं, तेच द्यायचं," असं म्हणताना त्यांचं कडं आणखी जोरात फिरायचं. मला त्या आवडायच्या.

दुर्गापूजेच्या दिवसांत आमच्या बाल्कनीखालून ढाक, इथला मोठा ढोल, वाजत गेला. लेकीचे हात उचलले गेले आणि हवेतच थांबले. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. ती परवानगीची वाट बघतेय हे उमगून मी होकारार्थी मान हलवली, तोवर ढाक लांब गेला होता.

हे मी बाईंना सांगितलं. कडं थांबलं.

"म्हणजे पद्धत लागू पडली, दीदी," त्या हळूच म्हणाल्या आणि त्यांनी आपले दोन्ही हात टेबलाखाली घेतले.