टेंपोच्या आधी

औरंगपुऱ्यातल्या छापखान्यातून नव्या पत्रकांचा गठ्ठा उचलला की ओल्या शाईच्या वासाबरोबर मला ती सकाळ आठवते. मजूर नाक्याजवळच्या सरकारी दवाखान्याबाहेर मी ‘उपचार हा तुमचा हक्क आहे’ असं पत्रक वाटत होते. दवाखाना नऊला उघडायचा आणि करमाडच्या बांधकामावर मजूर नेणारा टेंपो त्याच्या जरा आधी सुटायचा. बंद दारापाशी परजिल्ह्यातून आलेली एक मजूर बाई तापानं फणफणलेली लेक खांद्यावर घेऊन उभी होती. हॉर्न वाजला. मुकादम ओरडला, “ए बाई, दवाखाना काय पळून चाललाय व्हय? चल!” ती निघाली तशी मी तिच्या आडवी आले. “ताई, थांबा, पोरगी डोळे उघडत नाहीये. हक्क आहे तुमचा.” “हक्क लई हाय, पण आज नाय गेले तर उद्या टेंपोत घेनार नाय त्यो,” असं म्हणत तिनं लेक माझ्या हातात कोंबली. “रोज कागद वाटता ना? मग आज तुमीच थांबा!” टेंपो गेला. पोरीची मान माझ्या दंडावर लोळत होती, अंग भाजत होतं. दार उघडल्यावर सिस्टरनं विचारलं, “नाव काय?” “माहीत नाही.” “आई कुठंय?” “कामावर.” तिनं पेन खाली ठेवलं आणि पोरीला आत नेलं. संध्याकाळी आई धावत आली तोवर ताप उतरला होता. मला मात्र माझ्या पत्रकाची लाज वाटत होती. तेव्हापासून मी लिहिलेल्या प्रत्येक पत्रकात पहिली मागणी एकच असते: मजूर कामावर निघायच्या आधी दवाखाना उघडा.