चिमाआजीच्या अंगणातली इर्जिक

लोणावळ्यातला एक शुक्रवार. दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती, मी तिसरीत होतो... आणि त्या दिवशी माझी शाळा कायमची सुटायची वेळ आली होती.

शाळा मिशनची. मी वडिवळ्याचा, शिकण्यासाठी मावशीकडे राहायचो. सकाळी प्रार्थना, मग पाटीवर गणित, मग कविता. आमच्या रूथबाई कविता वाचत नसत, गात असत... धुक्यात खिडकीतून डोंगर अर्धाच दिसायचा, आणि मला वाटायचं, उरलेला अर्धा कवितेत असणार.

शुक्रवारी शेवटचा तास सेवेचा. वर्ग जवळच्या ठाकर आदिवासींच्या वाडीत जायचा, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे. आमच्या वाट्याला चिमाआजी आली होती, डोळ्यांनी अधू. आम्ही तिचं पाणी भरायचो, अंगण झाडायचो आणि त्या आठवड्याची कविता म्हणून दाखवायचो. मग ती आम्हाला तिची गाणी शिकवायची. फुकट काही घ्यायचं नाही, हा तिचाच नियम.

तर मी अंगण झाडतोय, आणि समोर भाऊ उभे. भाऊ म्हणजे माझे वडील. बाजाराला आले होते, मावशीकडे चौकशी करून थेट वाडीत पोचले. पोराला शाळेत घातलंय की चाकरीला, असा टोमणा गावात कुणीतरी आधीच मारला होता. त्यात माझ्या हातात खराटा.

"चल घरी," ते म्हणाले. "राब भाजायला मला मानूस न्हाई, आन् तू हितं दुसऱ्याचं अंगन झाडतुयास."

भाताचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजतात, तो राब. त्याला घरातलं प्रत्येक माणूस लागतं, हे मला कळत होतं. पण एकदा घरी गेलो की परत येणं नाही, हेही कळत होतं...

बाईंनी वाद घातला नाही. तेवढा तास पुरा होऊ द्या, एवढीच विनंती केली. भाऊ तोंड फिरवून दगडावर बसले. माझी कविता म्हणायची पाळी आली, तर तोंडातून शब्द फुटेना.

आजीने मला जवळ घेऊन काय झालं ते विचारलं. मग भाऊंच्या दिशेने वळली.

"पाव्हणं, तुमच्या खाचरात लावनीला कोन येतं वो?"

"भावकी येती. शेजारपाजार येतो."

"मजुरी देता त्येंला?"

"इर्जिकीला कसली मजुरी? जेवाय घालतो."

"मंग ही पोरांची इर्जिकच हाय की. मी काय चाकर ठिवल्यात व्हय?"

इर्जिक ही आमच्या मावळातली घरोघरची रीत. एकाच्या शेतात सगळ्यांनी उतरायचं. तिथं कुणी धनी नाही, कुणी चाकर नाही. भाऊ स्वतः दर वर्षी कित्येकांच्या खाचरात राबायचे.

त्यांनी आजीच्या झोपडीकडे नजर टाकली. मग उठले. आजीच्या छपराचा पेंढा एका बाजूला सरकला होता. भाऊ वर चढले, पेंढा सारखा केला, दोरीने आवळून बांधला.

खाली उतरले, तर आजी नाचणीची भाकरी घेऊन उभी. "इर्जिकीला आलात. उपाशी कसं धाडू?"

माझा जीव पुन्हा टांगणीला. आमच्या घरचं कुणी ठाकरांच्या हातचं खात नसे... आणि आता सगळा वर्ग बघत होता.

भाऊंनी हात धुतले. मांडी घालून बसले आणि भाकरी खाल्ली... वर चटणी मागून घेतली.

निघताना बाईंना म्हणाले, "ऱ्हाऊ द्या पोरगं. राबाचं मी बगतो." मग माझ्याकडे न बघताच, "म्हन की ती कविता. म्हातारी कवाधरनं वाट बगतीया."

मी म्हटली. इतक्या मोठ्याने की बाईंना हसू आलं. भाऊ वाडीच्या वळणावरून दिसेनासे होईपर्यंत म्हणत होतो... छातीवरचा धोंडा उतरला होता ना.

त्या भाकरीबद्दल भाऊ घरी कधीच बोलले नाहीत. बोलले असते तर आजोबांनी रान उठवलं असतं. मीही इतकी वर्षं गप्प राहिलो. आज भाऊ नाहीत, आजोबा नाहीत, विचारणारंही कुणी उरलं नाही... म्हणून इथे उघडपणे लिहितो. भाऊ, त्या दिवशी तुम्ही जेवलात, म्हणून मी शिकलो.