अक्कासाठी बाक

आईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आणि धरणगावजवळच्या आमच्या गावातून मी तिला जळगावला माझ्याकडे आणलं. तिची अट एकच होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माझ्या घरी जाईन आणि तिथेच राहीन. डॉक्टर म्हणाले, "जा की! पण घर चढावर आहे ना? मग रोज सकाळ-संध्याकाळ चाला. वॉकर सुटून हातात काठी आली की खुशाल जा. चालणं थांबलं तर मात्र गुडघे आखडतील."

चाला म्हणे! जळगावात चालायचं कुठं? आमच्या कॉलनीच्या रस्त्याला फुटपाथ आहे, नाही असं नाही. चांगले पेव्हर ब्लॉक बसवलेत. पण एकाच्या गाडीचा उतार फुटपाथवर, दुसऱ्याची जास्वंद जाळी लावून फुटपाथवर, तिसऱ्यानं तर ओटाच पुढे ओढलेला. उरलेल्या जागेत मोटारसायकली. आई वॉकर घेऊन दोन घरं ओलांडते न ओलांडते तोच तिला खाली रस्त्यावर उतरावं लागे, आणि उतरली की मागून हॉर्न. अरे, वॉकरवालं माणूस हॉर्न ऐकून काय उडी मारणार आहे का? माझं असं डोकं फिरायचं की विचारू नका. आई मात्र कडेला उभी राहून तिच्या अहिराणीत म्हणायची, "आठे रस्ता बठ्ठा गाड्यासना शे, बाई." इथला सगळा रस्ता गाड्यांचाच!

शेवटी मी घरोघर गेले. सगळी माणसं गोड. चहा घेतल्याशिवाय कुणी उठू देईना. "अक्का म्हणजे आमचीच आई," असं प्रत्येक घरात ऐकलं. दोन घरं सोडून राहणारे नाना, भुसावळला रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालेले, त्यांनी तर सगळं अंगावरच घेतलं. मोटारसायकली आत गेल्या, जास्वंदीची जाळी निघाली, ओटावाल्यानं कुरकुरत का होईना, पुढे आलेला ओटा तोडला. आमच्या फाटकापासून कोपऱ्यावरच्या निंबापर्यंत फुटपाथ मोकळा झाला आणि आई चालायला लागली. हळूहळू वॉकरवरचा एक हात सोडायला लागली. गावाकडच्या घराला चुना कुणाकडून लावून घ्यायचा, हेही तिनं ठरवून टाकलं. मला खरंच वाटलं, जमलं बुवा!

आणि एक दिवस ऑफिसमधून येते तर नानांच्या दारासमोर गर्दी. फुटपाथवर सिमेंटचा बाक, त्याला झेंडूचा हार, आणि नारळ वाढवायला आईला पुढे केलेलं. "अक्का दमतात हो," नाना मला म्हणाले. "दम खायला जागा नको?"

बाक आडवा. भिंतीपासून कडेपर्यंत. पुढे वॉकर तर सोडाच, मांजरसुद्धा वळसा घालून जाईल.

"नाना, आडवा का ठेवला?"

"सरळ ठेवला तर ऊन अक्कांच्या तोंडावर येतं ना."

"आणि अक्कांनी पुढे जायचं कसं?"

"पुढे कशाला जायचं? आता बसायचं, गप्पा मारायच्या. या वयात कशाला ती दगदग!" सगळे हसले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. सरकवावा म्हटलं तर पाय सिमेंट ओतून पक्के केलेले. दुसऱ्या दिवशी मी पहार मागायला गेले, तर नानांच्या बायकोनं डोळ्याला पदर लावला. माणसं वाईट असती तर बरं झालं असतं, निदान तोंडभर भांडता तरी आलं असतं!

आईनं मलाच गप्प केलं. कुणी एवढ्या हौसेनं मांडलेल्या जागेवरून उठून जायचं, हे तिच्यानं होणारं नव्हतं. बायका येऊन बसत, शेंगा सोलत, तिच्याकडून जुनी गाणी म्हणवून घेत. मी म्हणायची, "ऊठ, बाकाला वळसा घालून चल, मी धरते." ती म्हणायची, "आते उठनू तर त्यासले वाईट वाटी." रोज हेच. मी ओरडायची, ती बसायची.

आखाजीच्या आधी डॉक्टरांनी तिचा गुडघा वाकवून पाहिला. अर्ध्यावर अडकला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तिला बांधून ठेवलं होतं. काय सांगणार, कप्पाळ!

तरी सणाच्या सकाळी मी रिक्षा दाराशी आणली. आई नवं लुगडं नेसली होती. ती वॉकर धरून फाटकापर्यंत आली आणि तिथेच थांबली.

"तो चढ आते माले जमाव नही," ती म्हणाली. कनवटीची किल्ली काढून तिनं माझ्या हातात दिली. "तू जाई ये. कुलूप नीट शे का, तेवढं देखी ये."