ठोक दुकानातला आरसा

मंडळी, आजच घडलं, म्हणून लगेच ग्रुपवर लिहितो.

गांधीबागेत आमचं कापडाचं ठोक दुकान आहे. माडीवर माणसाएवढा आरसा आहे. ठोकवाले गठ्ठे नेतात, नेसून कोण पाहते? म्हणून आज मी तो भंगारात द्यायला काढला, तर नव्वदीचे आजोबा ओरडले, "हात नको लावू त्याले!"

मग सांगू लागले. इंग्रजांच्या काळात, दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, गिरणीतले, कचेरीतले पुरुष माडीवर जमायचे. लुगडी नेसायचे, आरशात स्वतःला पाहायचे, एकमेकांचे हात धरून नाचायचे. आजोबांचे वडील खाली दारात बसायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, "व्यापारी आहेत, खरेदीले आले."

आपल्यासारख्यांसाठी नागपुरात एक बार नाही, म्हणून मी दर महिन्याला मुंबईच्या बारमध्ये जातो. घरी सांगतो, खरेदीला चाललो.

"तुह्या खरेदीचं मले समजत नाही का गा?" आजोबा म्हणाले. "येत्या सुट्टीले बोलाव तुह्या दोस्तायले. दारात मी बसतो."

आरसा पुसून ठेवला आहे. कोण कोण येऊन राहिलं, बोला?